उंदरावरून माणसाच्या मेंदूचा आजार कसा समजतो?

उंदीर बोलत नाही, शाळेत जात नाही. मग माणसाच्या मेंदूचे आनुवंशिक आजार त्याच्यावर अभ्यासून हाती काय लागते, असे आपण विचारले आहे. अशा प्रयोगशाळेत मी काही वर्षे काढली आहेत, म्हणून ज्या आजाराची मला बऱ्यापैकी माहिती आहे त्या रेट सिंड्रोमच्या आधारे उत्तर देतो.

हा आजार मुख्यतः मुलींमध्ये आढळतो. पहिले ६ ते १८ महिने मूल बहुधा नीट वाढते. मग शिकलेले शब्द हरवतात, वस्तू धरणे सुटते आणि हात सतत एकमेकांवर चोळले जातात. (याला आनुवंशिकपेक्षा जनुकीय म्हणणे बरे, कारण जनुकातला बदल जवळजवळ नेहमी त्या मुलीतच नव्याने घडलेला असतो, ‘हे कोणाच्या घराण्यातून आले’ याचा शोध घेत बसलेल्या कुटुंबांना हे सांगावेच लागते.) १९९९ साली हुडा झोग्बी यांच्या ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेने कारण शोधले: एक्स गुणसूत्रावरील एमईसीपी२ या जनुकातील बिघाड. २००१ पर्यंत हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार झाले. त्यांची चाल बिघडते, श्वास अनियमित होतो आणि शेपटीला धरून उचलले की ते मागचे पाय आवळून घेतात.

खरे उत्तर २००७ साली एडिंबरामध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने केलेल्या प्रयोगात आहे. त्यांनी जनुक काढून न टाकता त्याला जणू कुलूप लावले आणि लक्षणे दिसू लागल्यावर टॅमोक्सिफेन हे औषध देऊन ते उघडले. घाईने उघडल्यावर काही उंदीर दगावले, पण हळूहळू उघडल्यावर आजारी उंदीर पुष्कळ सुधारले. म्हणजे चेतापेशी मेलेल्या नव्हत्या, त्यांचे काम बिघडले होते. ही गोष्ट रुग्णांच्या निरीक्षणातून सिद्ध होणे शक्य नव्हते. अर्थात हा उपचार नव्हे. मुलीच्या जनुकाला असे उघडण्याजोगे कुलूप नसते.

मर्यादाही मोठ्या आहेत. पुष्कळ प्रयोग नर उंदरांवर होतात, कारण त्यांच्यात आजार लवकर आणि तीव्र दिसतो. मुलीच्या मेंदूत मात्र काही पेशी निरोगी व काही बिघडलेल्या, अशी सरमिसळ असते. हरवलेल्या शब्दांचे मोजमाप तर उंदरात करताच येत नाही, त्यामुळे ‘उंदीर बरा झाला’ ही बातमी वाचताना नेमके काय सुधारले, चाल, श्वास की आयुष्य, हे मी आधी पाहतो.

तरीही एका बाबतीत उंदराने डॉक्टरांच्या आधी इशारा दिला. २००४ साली एमईसीपी२ जनुकापासून बनणारे प्रथिन दुप्पट प्रमाणात असलेल्या उंदरांना झटके येऊ लागले. पुढच्याच वर्षी हे जनुक दुप्पट झाल्याने आजारी असलेल्या मुलग्यांची नोंद झाली. म्हणूनच आज माणसांवर चाललेल्या जनुकोपचाराच्या चाचण्यांत जनुक पेशीपर्यंत पोहोचवण्याइतकीच काळजी त्याचे प्रमाण आवाक्यात ठेवण्याची घ्यावी लागते.