एका बोटासाठी गुडघ्याखालून पाय का काढतात?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना १५ वर्षांपासून शुगर आहे, अंगठा काळा पडलाय आणि डॉक्टर गुडघ्याखालून पाय काढायचा म्हणतात. एका बोटासाठी एवढा पाय का, हा तुमचा प्रश्न.

मी ठाण्यात एका सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. जखम भरायला तिथवर रक्त पोचावं लागतं. ते पोटरीतच अडलं असेल, तर नुसतं बोट काढून भागत नाही. जखम पुन्हा सडते आणि तोच पाय दोन-तीनदा कापावा लागतो. सही करण्याआधी विचारा, पायाचा डॉपलर, म्हणजे पायात रक्त कुठवर पोचतंय ते दाखवणारी तपासणी, झालाय का? अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्त सुरू होईल का? मात्र अंगठा ओला असेल, वास येत असेल, ताप असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांच्या शोधात दिवस घालवू नका. ते विष अंगात भिनलं तर जीव जातो.

आमच्या वॉर्डात पाय गमावलेली तरुण मुलं येतात ती बहुतेक अपघाताची. कोणी लोकलखाली आलेला, कोणी घोडबंदर रोडवर बाईकवरून पडलेला. पाय आधीच चेंदलेला असतो, डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही. तिशी-चाळिशीतले काही पुरुष विडी-तंबाखूमुळे येतात. शुगर नसतानाही त्यांची बोटं काळी पडतात. या आजाराला बर्जर्स म्हणतात, आणि तंबाखू सुटली नाही तर तो वर सरकत राहतो.

पण माझा जीव तुटतो तो पन्नाशीपुढच्या शुगरवाल्यांसाठी. शुगरने तळव्याची जाणीव जाते. चपलेतून खिळा घुसलेला कळत नाही, गरम पाण्याच्या शेकाने कातडी भाजलेली कळत नाही. कुणी घरीच ब्लेडने कुरूप कापतं. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचा नेम धरलेल्या एक काकू आल्या होत्या, तळव्याला एवढा मोठा फोड, आणि म्हणाल्या, "दुखत नाही गं, म्हणून दाखवलं नाही." न दुखणं हीच तर धोक्याची खूण. शुगरमुळे कापाव्या लागलेल्या दहा पायांपैकी आठांची सुरुवात अशाच एखाद्या जखमेने झालेली असते.

वडिलांचा गुडघा वाचतोय, ही फार मोठी गोष्ट आहे. गुडघा असला की कृत्रिम पाय लावून चालायला खूप कमी दम लागतो. जयपूर फूट लावून बाजारहाट करणारी माणसं मी पाहिलीत. दुसरा पाय मात्र रोज रात्री उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. एक पाय गेलेल्यांचा दुसराही धोक्यात असतो.

आणि ऑपरेशननंतर माया म्हणून त्यांच्या गुडघ्याखाली उशी ठेवू नका. घरोघरी हेच होतं. गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो, आणि मग कृत्रिम पाय नीट बसत नाही.