जपानी आडनावांचा अर्थ लावायचाय? आधी कांजी (जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं) बघ

अरे, नुसत्या उच्चारावरून अर्थ काढायला जाऊ नकोस, तिथेच सगळे फसतात. इतो घे, एका इतोमधला 'तो' म्हणजे फुजी नावाच्या वेलीची कांजी आणि दुसऱ्या इतोमधला 'तो' म्हणजे पूर्व दिशा, ऐकायला दोन्ही सेम. त्यामुळे कोणी नाव सांगितलं की पहिला प्रश्न हाच, कांजी कुठली?

सुरुवात सोप्यापासून कर. तानाका म्हणजे भातशेत आणि मध्य, यामादा म्हणजे डोंगर आणि शेत. तानाकाच्याच दोन कांजी उलट्या लावल्या की नाकादा होतं, मस्त ना! मग त्या फुजीवाल्यांकडे वळ, कारण सातो, कातो, कोंदो या सगळ्यांत शेवटी तीच कांजी आहे आणि ती जुन्या फुजिवारा घराण्याकडे बोट दाखवते, म्हणजे कातोतला 'का' कागा प्रांताचा आणि वेलीवाल्या इतोतला 'इ' इसेचा असं सांगतात. पण म्हणून प्रत्येक सातो फुजिवारांचा वंशज असं धरू नकोस हां, 1875 मध्ये आडनाव सक्तीचं झालं तेव्हा बऱ्याच साध्या लोकांनी आवडेल ते घेतलं.

काही नावं तर सरळ कोडीच आहेत. ताकानाशी लिहायच्या एका दुर्मिळ पद्धतीत कांजींचा अर्थ 'छोटे पक्षी खेळतात' असा आहे, आणि उच्चाराचा अर्थ 'ससाणा नाही'. ससाणा नाही म्हणून पक्षी निवांत खेळतायत! असली नावं डिक्शनरीत एकेक कांजी शोधून वाचता येत नाहीत, माणसालाच विचारायचं. जपानी लोकही बिनधास्त विचारतात, त्यात लाजायचं काही नाही.