व्हॅनचं हेड परत परत का गळतं?

प्रश्न : आमची २००९ची ओम्नी आहे, पोळीभाजीचे डबे पोचवायला रोज लागते. दिवाळीत शिरवळची ऑर्डर घेऊन निघालो आणि कात्रजच्या नव्या बोगद्याकडच्या चढाला गाडी गरम झाली, सीटखालून वाफ आली. गॅरेजवाल्यांनी हेड गॅसकेट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील) बदललं, दोन महिने छान चालली, आता परत रोज अर्धा लिटर पाणी पिते. खाली एक थेंब पडलेला दिसत नाही. सकाळी चालू केली की मिनिटभर थरथरते मग नीट होते. एक जण म्हणतो रेडिएटरमध्ये हळद टाका, दुसरा म्हणतो लीकेज बंद करायचं बाटलीतलं औषध टाका, तिसरा म्हणतो इंजिनच बदला. काय करू?
– एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, इंजिन बदलायची घाई करू नका आणि हळद तर अजिबात नको. रेडिएटरला बारीक भोक असेल तर हळद तिथे अडकून गॅरेजपर्यंत पोचवते, हे खरंय, पण हेडच्या गळतीत एका बाजूला पेटलेल्या पेट्रोलचं प्रेशर असतं, तिथे हळद काय टिकणार. बाटलीतल्या औषधाचंही तेच, वर ते रेडिएटरच्या नळ्यांमध्ये साठून बसतं आणि गाडी आणखी गरम व्हायला लागते.

तुमची सकाळची थरथर बघूनच मला वाटतंय की पाणी आत जातंय. रात्री गाडी बंद केली की गरम पाण्याचं प्रेशर बराच वेळ राहतं, ते गॅसकेटच्या फटीतून थोडं थोडं सिलिंडरमध्ये झिरपतं, सकाळी तो प्लग ओला असतो आणि तीन सिलिंडरची गाडी दोनावर चालते. खात्री करायची तर तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा, दोन तांबूस-काळपट आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर तोच. दुसरं, गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप काढून मग चालू करा, पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर समजा सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. गरम असताना कॅपला हातही लावायचा नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. आणि डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्या क्षणापासून गाडी चालवू नका, बेअरिंग जातील आणि मग खरंच इंजिनाचा खर्च येईल.

आता नवीन गॅसकेट दोन महिन्यांत का गेलं? ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक बिडाचा, आणि तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. गाडी एकदा सणकून गरम झाली की हेड वाकतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण वाकडेपणाची मर्यादा असते फक्त ०.०५ मिमी, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. वाकडं हेड तसंच ठेवून वर नवीन गॅसकेट टाकलं तर ते थोडे दिवस निभावतं आणि मग परत उडतं.

माझ्या स्वतःच्या व्हॅनला हेच झालं होतं, खंबाटकी घाटात गरम झाली आणि मी घाबरून वरून गार पाणी ओतलं, ते तर कधीच करू नये. एका गॅरेजने दोनदा गॅसकेट टाकलं, दुसऱ्यांदा शेलॅक (चिकट सीलिंगचा लेप) थापून, तरी गळती तशीच. शेवटी एका लेथवाल्या काकांनी हेड उलटं ठेवलं, त्यावर स्टीलची सरळ पट्टी आडवी धरली, मागून ट्यूबलाइट, आणि मला वाकून बघायला सांगितलं. मधल्या सिलिंडरपाशी पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. ०.१५ मिमीची फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) तिथून अलगद आरपार गेली. तेव्हा मला कळलं की इतके दिवस आपण चुकीच्याच गोष्टीवर पैसे घालत होतो.

म्हणून गॅरेजमध्ये स्पष्ट सांगा, हेड पूर्ण थंड झाल्यावरच खोला, बोल्ट बाहेरून आत थोडे थोडे ढिले करा. मग हेडला क्रॅक आहे का हे प्रेशर टेस्टने बघून लेथवर फेसिंग करून (खालची बाजू तासून सपाट करून) घ्या, नाना पेठेत पार्ट घ्यायला जाल तेव्हा जवळच्या लेथवाल्याची चौकशी करा. ब्लॉकचा फेसही पट्टीने तपासायला लावा, हे हमखास राहून जातं. जुनं गॅसकेट ग्राइंडरने घासू देऊ नका, खड्डे पडतात. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो पण हेड दाबलंच जात नाही, म्हणून भोकं हवा मारून कोरडी करायची. गॅसकेट कोरडंच बसवायचं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. "हाताला अंदाज आहे" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे दुसरीकडे जा. खोललंच आहे तर टायमिंग बेल्टही नवीन टाका.

आणि गाडी मुळात गरम का झाली ते शोधलं नाही तर हे सगळं वाया. फॅन वेळेवर चालू होतो का, कॅपचं रबर कडक झालंय का, वॉटर पंप गळतो का, रेडिएटर आतून क्षाराने भरलाय का. बोअरचं पाणी तर बंदच करा, त्याने क्षार साठतात आणि अॅल्युमिनियमही खाल्लं जातं, पाण्याच्या भोकांच्या कडा झिजल्या की गॅसकेटला टेकायला जागाच उरत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, आत अडकलेली हवा नीट काढा.

प्रश्न : मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाका, पुण्यात गरज नाही, गाडी थंड राहील. काढू का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : नको दादा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती नसली की इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ आणि घाण होतं. त्यात गरम होण्याचं खरं कारण झाकलं जातं ते वेगळंच. जुना थर्मोस्टॅट भांड्यात पाण्यात टांगून गॅसवर ठेवा, पाणी उकळायच्या आत तो उघडायला हवा, नाही उघडला तर नवीन टाका.