तोरणमाळला पहिल्यांदा जाताना

भाऊ, नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यात तोरणमाळच्या डोंगरावर पहिल्यांदा जातोयस तर महाशिवरात्रीची यात्रा टाळ. गर्दीत गोरखनाथांचं दर्शन होईल, पण मच्छिंद्रनाथांच्या गुहेत निवांतपणा मिळणार नाही, आणि माझ्या मते तोरणमाळचं खरं सुख तिथेच आहे. शहाद्यातच पेट्रोल भर. घाटात वळणावळणाला हॉर्न दे, घाई करू नकोस.

गुहेत शिरताना चपला बाहेर काढ आणि तोंडाशीच जरा थांब. डोळे अंधाराला सरावले की मगच पाय पुढे टाक, ओल्या दगडावर तर बोटं रोवून. बॅटरी जवळ असू दे. कापूर-अगरबत्ती आत पेटवू नकोस, धूर कोंडतो आणि मागच्यांचा जीव घुसमटतो. वाट चुकलीच तर पावरा-भिल्ल मंडळींना विचार. सातपुडा त्यांच्या पायाखालचा आहे. यशवंत तलावावर भाकरी खा, कागद-पिशव्या परत आण. अंधारायच्या आत घाट उतर.