पहिल्यांदाच जमिनीवरचं कासव पाळायचंय, कोणतं घ्यावं? सल्काटाचं पिल्लू चालेल का?

नाही चालणार. मोठ्या भावाला हेच सांगून माझा घसा बसलाय, आता तुम्हाला सांगतो.

दादाने आणलं तेव्हा तळहातावर मावत होतं. मी तेव्हाच म्हटलं, अरे गॅलापागोस आणि अल्डाब्राच्या महाकाय कासवांनंतर हीच जात सगळ्यात मोठी होते, नर 50 किलोच्या घरात जातो, ठेवणार कुठे? तर म्हणे "जेवढी टाकी तेवढंच वाढतं". ही थाप कोणी सोडली देव जाणे. लहान टाकीत कासव लहान राहत नाही, आजारी पडतं. त्यात टाकी काचेची. समोर भिंत आहे हे त्याला कळतच नाही, दिवसभर कोपऱ्यात उभं राहून पुढचे पाय घासणार, नखांचा खर्र खर्र आवाज, आणि दादा आल्यागेल्याला सांगणार "बघा किती ॲक्टिव्ह आहे". उन्हाचं विचारलं तर "खिडकीतून येतं की". अहो काचेतून उजेड येतो, ऊब येते, यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण, जवळजवळ येतच नाहीत, आणि त्यांच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. पुढे पाठीवरचा एकेक चौकोन टेंगळासारखा वर आला तर म्हणतो डिझाईन छान आलंय! पिल्लू कोरड्या हवेत वाढलं की असं होतं, पिरॅमिडिंग म्हणतात, आणि एकदा आलेलं जात नाही.

तुम्ही हर्मन किंवा रशियन घ्या, दोन्ही साधारण 15 ते 20 सेंटीमीटरपर्यंतच होतात. माझ्याकडे रशियन आहे, अखंड उकरत असतं, त्यामुळे कुंपण जमिनीत खोलवर पुरावं लागतं, बाकी काटक. आणि घ्यायचं तर वाढलेलंच घ्या. पिल्लू माणसाळतं हे पण दादाचंच पालुपद, पिल्लं पाणी कमी पडलं तरी दगावतात, आणि माझं मोठं झाल्यावर आलेलं कासव मला बघून खायला धावत येतं, तेवढं माणसाळणं बास. जोडी आणू नका, त्याला एकटं वाटत नाही, उलट नर दुसऱ्याला चावून हैराण करतो. रेडफूट जातीच्या कासवाला दमट हवा लागते, नवशिक्याला झेपत नाही. स्टार कासवाचा तर नादच सोडा, 2019 पासून साईट्सच्या (CITES, वन्य प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादीत आहे.

हां, यूव्हीबीची ट्यूब पेटतेय म्हणून चालू आहे असं समजू नका, किरण आधीच संपतात, वर्षभरात बदला. तुमच्याकडे पाळायला कायद्याने परवानगी आहे का हे आधी बघा, कागद नसलेलं, जंगलातून पकडलेलं घेऊ नका. आणि 50 वर्षं सहज जगतं, घरात पुढे कोण बघणार तेही ठरवा.

दादा आता म्हणतोय, तुझ्याकडेच ठेव. दोन जाती एकत्र ठेवत नाहीत, एकीचे जंतू दुसरीला बाधतात, हे पण त्याला सांगून झालंय.