पदवीनंतर लगेच संघासोबत जावं का?

फिजिओथेरपीची पदवी हातात येतेय, तर थेट एखाद्या क्रीडा संघासोबत जावं की आधी क्लिनिकमध्ये काम करावं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, आधी दोनेक वर्षं क्लिनिक करा. तिथे खांदे, कंबर, गुडघे असे नाना तऱ्हेचे रुग्ण हाताखालून जातात आणि कुठलं दुखणं व्यायामाने जाईल, कुठलं आजच्या आज डॉक्टरांना दाखवायला हवं, हे कळू लागतं. संघासोबत बहुतेकदा तुम्ही एकटेच असता, शेजारी विचारायला कोणी ज्येष्ठ नसतं.

बॅग घेऊन मैदानात धावणं टीव्हीवर दिसतं, पण खरं काम रिहॅबचं, म्हणजे दुखापतीनंतर खेळाडूला पुन्हा खेळण्याजोगं करण्याचं. एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या एका मुख्य अस्थिबंधाचं (लिगामेंटचं) ऑपरेशन झालेला खेळाडू घ्या. पाचव्या-सहाव्या महिन्यात सूज उतरलेली असते, सरळ रेषेत तो छान धावतो, दुखत काही नसतं. त्याला वाटतं, झालो बरा. अशा वेळी त्याला एका पायावर उडी मारायला लावा आणि पाय टेकताना गुडघ्याकडे बघा. तो आत झुकतोय का? उडीचं अंतर आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरतेय का? झटकन वळावं लागतं अशा खेळात ९ महिन्यांच्या आत उतरलेल्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो. हे त्याला आणि प्रशिक्षकाला सांगायची वेळ नेमकी मोठ्या सामन्याच्या तोंडावर येते. म्हणून प्रत्येक चाचणीचे आकडे तारखेसकट लिहून ठेवा. 'मला बरं वाटतंय' यावर वाद घालता येतो, लिहिलेल्या आकड्यावर तितका येत नाही.

खेळाडू दुखणं लपवतात, कारण संघातली जागा जायची भीती असते. तोंडाने 'एकदम ठीक' म्हणतील आणि हात मांडीच्या मागे हॅमस्ट्रिंग चोळत असेल. त्यामुळे वॉर्मअपला हजर राहाच. टेबलावरच्या तपासणीत न दिसलेलं तिथे दिसतं.

डोपिंगचे नियमही नीट वाचा. २०२४ मध्ये टेनिसपटू यानिक सिनरच्या चाचणीत क्लोस्टेबॉल हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. त्याच्या फिजिओने स्वतःच्या कापलेल्या बोटावर ते असलेला स्प्रे मारला होता आणि हातमोजे न घालता मालिश केलं होतं. सिनरने मुद्दाम काही घेतलं नव्हतं हे मान्य झालं, तरी पुढच्या वर्षी त्याला तीन महिन्यांची बंदी भोगावी लागली. तेव्हा खेळाडूला द्यायचं तर सोडाच, स्वतःला लावायचं मलमसुद्धा निषिद्ध यादीत तपासून घ्या.

शनिवार-रविवार आणि सणवार जातील, हे धरूनच चाला. आणि संघाचं काम स्वीकारण्याआधी एक गोष्ट जरूर विचारा: खेळाडू फिट आहे की नाही, यावर शेवटचा शब्द कोणाचा? वैद्यकीय चमूचा असेल तर पगार थोडा कमी असला तरी जा. एकट्या प्रशिक्षकाचा असेल, तर मी ती नोकरी घेणार नाही.