म्हाडा, घरकुल आणि नोटरीचा कागद : तुमचे प्रश्न

महिनाभरात आलेले प्रश्न बघितले तर निम्मे तेच ते, फक्त नावं वेगळी, म्हणून परत एकदा लिहितोय.

प्रश्न : सोलापुरात बाळीवेसला भाड्याने राहतो, मिस्टर यंत्रमागावर आहेत. म्हाडा दरमहा भाडं देतं असा व्हिडिओ बघितला, फॉर्म कुठं मिळतो?

फॉर्म मिळत नाही कारण तशी योजनाच नाही. तुम्ही बघितलेला व्हिडिओ अमेरिकेचा आहे ताई. तिथं भाडेकरू उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भाडं भरतो आणि उरलेलं तिथली हाऊसिंग ऑथॉरिटी थेट घरमालकाला देते. आपल्याकडे प्रधानमंत्री आवास 2.0 मध्ये भाड्याच्या घरांचा भाग आहे, पण त्यात घरं बांधून भाड्यानं द्यायची असतात, तुमच्या हातात रोख येत नाही. तोवर भाडेकरार नोंदवून घ्या. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकाची आहे, "मालक नको म्हणतो" हे काही कारण नाही.

प्रश्न : नवराबायकोचं मिळून वर्षाला 5 लाख. म्हाडाचा कुठला गट?

सोलापुरातल्या घरासाठी अल्प उत्पन्न गट. इथं अत्यल्प गट साडेचार लाखांपर्यंत आणि अल्प गट साडेसात लाखांपर्यंत. अत्यल्प गटाचा 6 लाखांचा आकडा तुम्ही ऐकला असेल, तो पुण्याचा आहे, तो इथं लावू नका. प्रधानमंत्री आवासची मर्यादा अजून वेगळी, तिथं 3 लाखांच्या वर गेलात की दुर्बल गटातून बाहेर. फॉर्म भरायच्या आधी त्या सोडतीची जाहिरात वाचा, शेजाऱ्याला विचारू नका.

प्रश्न : एक जण 40 हजार मागतोय, म्हाडाच्या लॉटरीत नंबर लावतो म्हणतो.

देऊ नका. सोडत कॉम्प्युटरवर निघते. दिले असतील तर स्क्रीनशॉट घेऊन पोलीस चौकीत जा.

प्रश्न : घरकुल वसाहतीतलं घर 6 लाखाला घेतलं, मूळ मालकीण विडी कामगार. 2 वर्षं झाली, नोटरी केलीय. लाईट मीटर नावावर कसं करायचं?

मीटरचं नंतर बघू. आधी हे सांगा, 6 लाख कशाचे दिले? मागच्याच आठवड्यात एक बाई चादरीच्या प्लास्टिक पिशवीतून असाच कागद घेऊन आल्या, 500 चा स्टॅम्प, वर हिरवं नोटरी तिकीट, गोल लाल शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या, सगळं कसं एकदम सरकारी दिसत होतं, आणि मालकीच्या दृष्टीनं त्याची किंमत शून्य. अहो, नोटरी सही कुणाची ते सांगतो, घर कुणाचं ते नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानं 100 रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता विकायची तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. आणि लॉटरीत मिळालेलं म्हाडाचं घर तर पहिली 5 वर्षं विकताच येत नाही, इतर घरकुलांच्या वाटपपत्रातही बहुतेक अशीच अट असते, म्हणजे तशी अट असेल तर विकणारीला हक्कच नव्हता आणि घेणाऱ्यानं विचारलंच नाही. मधला माणूस "सगळे असंच करतात" म्हणतो आणि दोन्हीकडून कमिशन घेऊन मोकळा. उद्या तुमची ती मूळ मालकीण वारली आणि मुलं दारात उभी राहिली की हा कागद घेऊन तुम्ही कुठं जाणार?

आता उशीर करू नका. मूळ वाटपपत्र, पैसे दिल्याचा पुरावा आणि ती नोटरी घेऊन वकिलाला भेटा. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि तोवर आणखी एक रुपयाही देऊ नका, "फायनल हिशोब" म्हणून मागतील.

प्रश्न : कुंभारीच्या रे नगरमध्ये आता फॉर्म भरता येईल का?

ती 30 हजार घरांची योजना असंघटित कामगारांच्या संस्थेमार्फत आहे, त्यातल्या 15 हजार घरांचा ताबा जानेवारी 2024 मध्ये दिला गेला. सभासद असाल तर संस्थेत विचारा, नसाल तर महापालिकेत आवास योजनेच्या विभागात. मधल्या माणसाकडे नको.

प्रश्न : घर वडिलांच्या नावावर आहे, माझं लग्न झालंय. मला आवास योजना मिळेल का?

मिळू शकते. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. तुमच्या किंवा बायकोच्या नावावर देशात कुठंच पक्कं घर नको. स्वतःच्या जागेवर बांधायचं तर अडीच लाख मिळतात, तेही बांधकाम जसं पुढं जाईल तसे हप्त्यानं, आणि जागा तुमच्या नावावर पाहिजे. इथंच आपल्याकडे गाडी अडते कारण जागा गुंठेवारीची, म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली, आणि कागद परत नोटरीचा! 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित करायची सोय कायद्यात आहे, पण तुमचा प्लॉट बसतो का ते नकाशा बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, आधी महापालिकेत विचारा.

प्रश्न : म्हाडाच्या सोडतीत नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत येते का?

येते, फॉर्ममध्ये दिलेल्या खात्यावर. ते खातं बंद करून बसू नका म्हणजे झालं.